हेडलाइटला १००/९० चे बल्ब टाकू का? वैराग रोडला रात्री काहीच दिसंना झालंय

वैराग_सोलापूर
नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एच४ बल्ब (अप्पर आणि डिपर एकाच बल्बमध्ये), एक लाख दहा हजार किमी झालेत. मी सोलापुरात होटगी रोडला राहतो, आईवडील वैरागच्या बाजूला गावाकडं असतात, दर शनिवारी काम सुटलं की सातच्या सुमाराला निघतो आणि रविवारी रात्री परत. उन्हाळ्यात काही वाटत नाही पण आता कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मधेच कुणीतरी चालत जाणारं, आणि माझ्या गाडीचा उजेड म्हणजे कंदिलासारखा पिवळा. गेल्या शनिवारी वडाळ्याच्या पुढं समोरनं एक जीप अप्पर मारत आली, ती पास झाली आणि माझ्या एकदम पुढ्यात उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, बायको ओरडली तसा ब्रेक दाबला, गाडी तिरकी होऊन साइडपट्टीला उतरली. कुणाला काही झालं नाही पण पोरगी मागच्या सीटवर झोपलेली होती, ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

आता तीन दुकानं फिरलो. एक म्हणतो १००/९० चे, म्हणजे अप्परला १०० आणि डिपरला ९० वॉटचे, हॅलोजन टाका, सरळ बसतात, पाच मिनिटाचं काम. दुसरा म्हणतो हॅलोजन सोडा, एलईडी टाका. तिसरा म्हणतो रिले टाकल्याशिवाय काहीच करू नका. मला वायरिंगमधलं काही कळत नाही. पैशाचं फार नाही पण एकदाच खर्च करायचाय आणि नीट दिसलं पाहिजे. काय करू?

अक्कलकोट_लाइन
मालक मी चार वर्षं झालं १००/९० वापरतोय, रात्रीच्या ट्रिपा असतात माझ्या, गाणगापूर अक्कलकोट तुळजापूर. टाकून टाका, काही होत नाही. दिवस उगवल्यागत उजेड पडतो. फक्त रिले पायजे, म्हणजे बल्बला बॅटरीवरनं थेट करंट देणारा वेगळा स्विच, त्याच्याशिवाय टाकू नका एवढंच.

बाळीवेस_१३
"काही होत नाही" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी दोन वर्षांपूर्वी असेच सरळ बसतात म्हणून १००/९० बसवले, बिना रिलेचे. पहिले दोन महिने खूश होतो. मग एकदा मोहोळकडनं येताना जळका वास यायला लागला, मला वाटलं क्लच असेल. घरी येऊन बॉनेट उघडलं तर उजव्या बल्बच्या मागचं होल्डर वितळून बल्बला चिकटलेलं, वायरचं आवरण मऊ होऊन सुटलेलं. बल्ब काढायला पक्कड लागली. त्याच्या आधी एकदा फ्यूज उडाला होता आणि मेकॅनिकनं त्याच्या जागी मोठा फ्यूज घातला होता, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी, त्याच्या जागी मोठा घातला की मग वायरच फ्यूज होती. रिफ्लेक्टरची चकाकी पण बल्बच्या वरच्या बाजूला काळवंडली होती, म्हणजे शेवटी पूर्ण हेडलाइट असेंब्ली बदलावी लागली. बल्ब साडेतीनशेचे आणि नुकसान सात हजाराचं.

तारजोडणी
मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, बावीस वर्षं झाली. वैरागवाले दादा, आधी बल्ब घेऊ नका. आधी तुमच्या बल्बपर्यंत किती व्होल्ट पोचालेत ते बघा. दहातल्या सात गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो आणि दहातले सात मला म्हणतात मिस्त्री तुम्ही बल्ब टाका ओ, बाकी राहू द्या.

गोष्ट अशी हाय की जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतनं निघून फ्यूजबॉक्स, तिथनं स्टीअरिंगजवळच्या लाइट स्विचमधनं, मग डिप्परचा पॉइंट, मग परत पुढं बल्बला असा फिरून येतो. बारीक वायर, पाच-सहा जोड, आणि दहा-बारा वर्षांची धूळ आणि पाणी. प्रत्येक जोडात थोडं थोडं व्होल्टेज खाल्लं जातं. बॅटरीवर १४ असलं तरी बल्बवर बारापण मिळत नाही. त्यात तुम्ही ५५ वॉटच्या जागी ९० वॉटचा बल्ब लावला की त्याच बारीक वायरीतनं दीडपटीपेक्षा जास्त करंट ओढायला बघता, वायर तापती, अजून व्होल्टेज पडतं, आणि जास्तीच्या वॉटचा बराचसा भाग रस्त्यावर न पडता वायरीत आणि स्विचमध्ये उष्णता होऊन जातो. वर बाळीवेसवाल्यांचं झालं ते ह्यामुळंच.

एक मल्टिमीटर घ्या, दोन-तीनशे रुपयांचा चालतो. इंजिन चालू, लाइट चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. मग बल्बचा कनेक्टर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूनं पिना घालून मोजा. कनेक्टर काढून मोजलं तर आकडा चांगलाच दिसणार कारण करंटच वाहत नाही, तिथं लई जण फसतात. आकडे इथं टाका, मग बोलू.

पॉलिटेक्निक_मास्तर
वरच्या मिस्त्रींशी शंभर टक्के सहमत. त्यात थोडं गणित घालतो, कारण गणित बघितलं की खात्री पटते.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, साधारण ३.४ च्या घातानं वाढतो. एच४ बल्बचे प्रमाणित आकडे १३.२ व्होल्टला दिलेले असतात, अप्परला १६५० ल्युमेन आणि डिपरला १०००. आता बल्बवर १२ व्होल्टच पोचले तर व्होल्टेज फक्त नऊ टक्क्यांनी कमी झालं, पण उजेड सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो. ११.६ झाले तर उजेड ६५ टक्क्यांवर येतो. म्हणजे एक तृतीयांश उजेड गाडीच्या वायरिंगमध्येच संपला. आणि व्होल्टेज कमी म्हणजे तार कमी तापते, म्हणून रंगसुद्धा पिवळट होतो. तुम्ही लिहिलंत ना कंदिलासारखा, तो हाच.

वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ६० च्या जागी १०० वॉट म्हणजे करंट १.६७ पट मागितला, उष्णता कागदावर पावणेतीन पट. प्रत्यक्षात व्होल्टेज पडल्यानं थोडी कमी होईल, पण प्लास्टिकच्या होल्डरला तेवढीही पुरेशी आहे.

वैराग_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. मीटर आणला अशोक चौकातून. काल रात्री मेव्हण्याला घेऊन मोजलं, तो रेस देत नव्हता फक्त आयडलवर. बॅटरीवर १४.०. डाव्या बल्बवर, डिपर लावून, ११.९. उजव्यावर पण तेवढंच, पॉइंट एकचा फरक. मिस्त्री हे वाईट आहे का?

तारजोडणी
वाईट नाही, नेहमीचं हाय. २.१ व्होल्ट वाटेत चाललेत. आता त्यातले प्लसच्या वायरीत किती आणि अर्थिंगला, म्हणजे बल्बपासनं बॅटरीच्या मायनसकडं परत जायच्या वाटेत, किती ते बघा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन बल्बच्या अर्थच्या वायरीवर, लाइट चालूच ठेवून. जो आकडा येईल तो अर्थिंगचा तोटा.

वैराग_सोलापूर
०.५ आला.

तारजोडणी
मग हा अर्धा व्होल्ट फुकटात मिळणार तुम्हाला. हेडलाइटच्या मागं बॉडीला जिथं काळी वायर बोल्टनं बसवलीय तो बोल्ट काढा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही पॉलिशपेपरनं चकाकेपर्यंत घासा, परत आवळा आणि वरनं ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही. बॅटरीच्या मायनसपासनं बॉडीला जी जाड वायर जाती तिचं पण टोक साफ करा.

रात्रपाळी_स्कूटी
मी हॉस्पिटलला नर्स आहे, रात्री अकराला ड्युटी सुटते, सात रस्त्यावरनं विजापूर रोडला सैफुलपर्यंत स्कूटीवर जाते. एक विनंती आहे. तुम्ही सगळे तुम्हाला किती दिसतं ते बोलताय, समोरच्याला काय दिसतं तेही बोला. समोरनं ते पांढरेशुभ्र लाइटवाले आले की मला चार-पाच सेकंद काहीच दिसत नाही, नुसता काळोख, रस्त्यात खड्डा आहे का कुत्रं आहे काही कळत नाही. मागच्या महिन्यात अशीच दुभाजकाला घासले, गुडघा फुटला. वैरागच्या दादांना त्या ट्रॉलीच्या वेळी जे झालं ते पण समोरच्या जीपच्या अप्परमुळंच झालं ना. दादा, तुम्ही तुमचा उजेड जरूर वाढवा, पण तुमच्यामुळं दुसऱ्या कुणाची तीच गत होऊ देऊ नका.

वैराग_सोलापूर
ताई अगदी बरोबर. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं खरं सांगायचं तर. गुडघ्याची काळजी घ्या. म्हणजे मग एलईडी पण नको का? दुकानदार म्हणत होता एलईडी कमी करंट घेतं, वायरिंगचा प्रश्नच नाही.

पॉलिटेक्निक_मास्तर
करंट कमी घेतं हे खरं आहे. पण तुमचं हेडलाइट हॅलोजनच्या तारेसाठी बनवलंय. एच४ बल्ब हातात घेऊन बघा, काचेला बोट न लावता, कारण बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि काच फुटते. आत दोन तारा दिसतील. डिपरच्या तारेच्या खाली एक छोटी पत्र्याची वाटी आहे. त्या वाटीमुळं डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथनं परावर्तित होऊन खाली रस्त्यावर जातो. समोरच्याच्या डोळ्यात जाणारा उजेड ती वाटीच अडवते. आणि आपण डावीकडनं चालतो म्हणून डावीकडं उजेडाची कड थोडी वर चढते, कडेनं चालणारी माणसं दिसावीत म्हणून. हा सगळा हिशोब ती तार मिलिमीटरच्याही अंशात जागेवर असेल तरच जुळतो. एलईडीच्या चिप दोन बाजूंना सपाट बसवलेल्या असतात, तारेच्या जागी नेमक्या येत नाहीत, त्यामुळं उजेड खूप असतो पण फुटतो. भिंतीवर लख्ख दिसतं, गाडीच्या पुढच्या दहा मीटरात लख्ख दिसतं, आणि जवळ एवढा उजेड झाला की डोळ्याची बाहुली आकसते, मग लांबची ट्रॉली उलट कमी दिसते.

स्वस्तातल्या हॅलोजनला पण हेच लागू आहे. तार एक मिलिमीटर इकडं तिकडं बसलेली असेल तर उजेड कुठंही जातो. आणि निळ्या काचेचे बल्ब तर अजिबात घेऊ नका. निळा रंग म्हणजे गाळणी, हॅलोजनच्या उजेडात निळं मुळात कमी असतं, बाकीचं ती गाळून टाकते. पांढरं दिसतं, पण रस्त्यावर कमी पडतं.

अक्कलकोट_लाइन
मास्तर मग आमच्या १००/९० चं काय, आमची वाटी आहेच की. रिले पण आहे.

पॉलिटेक्निक_मास्तर
वाटी आहे, मान्य. पण तुमच्या गाडीच्या काचेतून आणि रिफ्लेक्टरमधून जेवढा थोडाफार उजेड नेहमीच वर फुटतो तोही त्याच प्रमाणात वाढला. रिलेनं वायर वाचली, रिफ्लेक्टर आणि समोरचा माणूस वाचला नाही. आणि चांगल्या कंपनीच्या १००/९० च्या पाकिटावरच ऑफ-रोडसाठी असं छापलेलं असतं, रस्त्यावर मान्य ६०/५५ च. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये मालकानं गाडीत नियमाबाहेर केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. तुमचा तर प्रवासी वाहतुकीचा धंदा आहे.

अक्कलकोट_लाइन
हे कलमाचं म्हाईत नव्हतं. समोरच्याचं मात्र बरोबर आहे, मला रोज समोरनं डिपर मारतात, मला वाटायचं लोकं उगाच मारालेत.

आसरा_चौक
एक प्रश्न कुणीच विचारला नाही. हेडलाइटची काच कशी आहे? २०१२ ची गाडी आणि सोलापूरचं ऊन, एप्रिल-मेला ४२-४३ जातं, गाडी बाहेर उभी असेल तर काच नक्कीच पिवळी पडली असणार. ती काच नसतेच, पॉलीकार्बोनेट प्लास्टिक असतं, वर ऊन अडवणारा पातळ थर असतो, तो उडाला की धुरकट होती. मग आत सूर्य ठेवला तरी उजेड बाहेर येताना सगळीकडं पसरतो आणि समोरच्याला पण त्रास. मी माझी घरीच केली. भोवतीच्या रंगावर टेप लावायचा, पाण्याचा पॉलिशपेपर आधी १००० मग २००० मग ३०००, पाणी मारत मारत, मग रबिंग कंपाउंड. दुपार जाते पण काच नवी होती. शेवटी यूव्हीचा क्लिअर कोट मारायलाच पायजे, नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात परत पिवळी. टूथपेस्टवाले व्हिडिओ बघून वेळ घालवू नका, पंधरा दिवस टिकतं.

वैराग_सोलापूर
काच पिवळीच आहे ओ. मी रोज बघतो पण डोक्यातच आलं नाही. ठरलं मग, अर्थिंग, काच, आणि रिले. मिस्त्री रिलेचं जरा समजेल असं सांगाल का, कुठंही करून घेतलं तरी नीट करालेत का ते मला कळलं पाहिजे.

तारजोडणी
रिले म्हणजे एका छोट्या करंटनं चालणारा मोठा स्विच. तुमचा जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देणार, बल्बचा करंट त्याच्यातनं जाणारच नाही. रिलेवर चार नंबर असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसवरनं जाड वायर, ८७ वरनं बल्बला, ८६ ला जुन्या होल्डरमधली इशाऱ्याची वायर, ८५ ला अर्थ. डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले. वायर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची, तेवढीच जाड अर्थसाठी पण, लोक प्लस जाड टाकतात आणि अर्थ जुनीच ठेवतात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात. फ्यूजच्या आधीची वायर कुठं घासून पत्र्याला लागली तर तिला वाचवणारं कुणी नाही. होल्डर सिरॅमिकचे घ्या. तयार किट मिळतं, जुन्या होल्डरलाच जोडायचं, गाडीची मूळ वायर कुठंच कापायची नाही. कुणी वायर सोलून टेप गुंडाळायला लागला तर तिथनं गाडी काढा. कापलेल्या वायरिंगवरनं पुढं इन्शुरन्सला पण वांधे होऊ शकतात.

बल्ब ६०/५५ च, चांगल्या कंपनीचे, फिलिप्स नाहीतर ऑसराम. त्यांच्यात जास्त उजेडवाले पण येतात, वॉट तेवढेच, तार बारकाईनं गुंडाळलेली. उजेड लांब जातो पण आयुष्य कमी. रोज रात्री चालवणाऱ्याला परवडत नाही, तुमच्यासारखं आठवड्यातनं दोनदा असलं तर चालतं. माझं ऐकाल तर आधी साधे टाकून बघा.

आणि सगळं झाल्यावर अँगल लावायला विसरू नका. सपाट जागेत भिंतीपासनं दहा मीटरवर गाडी, टायरची हवा बरोबर, ड्रायव्हर बसलेला. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खूण करा, डिपरची वरची कड त्याच्याखाली दहा सेंटिमीटर यायला पायजे. दोन्ही लाइटची वेगवेगळी बघा, एकावर पोतं टाकून.

रात्रपाळी_स्कूटी
आणि डिकीत सामान भरलं की लाइट वर जातात हे पण. गावाकडनं येताना ज्वारीची पोती असतातच सगळ्यांच्या.

वैराग_सोलापूर
ताई आमच्या पण असतात. लक्षात ठेवतो.

पॉलिटेक्निक_मास्तर
एक शेवटचं, उजेड कितीही चांगला केला तरी डिपरवर साधारण पन्नास-साठ मीटरच दिसतं. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथंच गेले, पुढं थांबायला कोरड्या रस्त्यावर अजून ३५ च्या आसपास. बेरीज पासष्टच्या वर जाते, म्हणजे दिवा नसलेली ट्रॉली दिसली तरी थांबता येत नाही. ६० ला हीच बेरीज ४५ मीटर होते. समोरनं गाडी येत असताना, म्हणजे तुम्ही डिपरवर असताना, ६० च्या आत या. आणि चष्म्याचा नंबर तपासून किती दिवस झाले?

वैराग_सोलापूर
तीन वर्षं सर. जाऊन येतो.

वैराग_सोलापूर
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल माफी. एकेक करून केलं आणि प्रत्येक वेळी मोजलं.

अर्थिंगचा बोल्ट घासला, आतनं हिरवा-पांढरा गंज निघाला. अर्थिंगचा तोटा ०.५ वरनं ०.१ वर, बल्बवर १२.३ आले. एक रुपया खर्च नाही. मग रविवारी अंगणात वडिलांनी आणि मी मिळून काच घासली, वडील ७१ वर्षांचे आहेत पण त्यांनी एक बाजू पूर्ण केली, त्यांची बाजू माझ्यापेक्षा स्वच्छ निघाली. रिलेचं काम इथल्याच एका इलेक्ट्रिशियनकडनं करून घेतलं, मी शेजारी उभा राहिलो, ३०, ८७ सगळं तपासून घेतलं, फ्यूज त्यानं आधी लांब लावला होता तो बॅटरीजवळ घ्यायला लावला. किट, मजुरी, साधे ६०/५५ बल्ब सगळं मिळून एकवीसशे. आता बल्बवर १३.५.

मास्तरांच्या सूत्रानं काढलं तर आधी ७० टक्के उजेड होता आणि आता १०८, म्हणजे दीडपट, काचेचं वेगळं. परवा शनिवारी गेलो. वडाळ्याच्या पुढं तीच जागा आली तशी बायको गप्प झाली, मी पण. तिथं पुढं एक बैलगाडी चालली होती, लांबनं बैलांचे पाय दिसले, मग चाकं, मग वर बसलेला माणूस. वेग पन्नासच्या आसपास होता. आरामात हळू केली, अप्पर खाली घेतला, बाजूनं काढली.

चष्म्याचा नंबर पाऊणनं वाढला होता.

तारजोडणी
१३.५ म्हणजे काम चोख झालंय. महिन्याभरानं एकदा कनेक्टरला हात लावून बघा, कोमट असलं तर ठीक, चटका बसला तर जोड ढिला हाय. आणि वडिलांना नमस्कार सांगा.

अक्कलकोट_लाइन
मिस्त्री मी पण काल १००/९० काढले. ६०/५५ टाकल्यावर पहिल्या रात्री अंधारल्यागत वाटलं, पण काच आसरा चौकवाल्यांनी सांगितल्यासारखी घासली नव्हती. ती केल्यावर सांगतो. तुमचं दुकान कुठं आहे ते मेसेजमध्ये कळवा, अँगल तुमच्याकडनंच लावून घ्यायचाय.